गणित इंग्रजीत, इतिहास मराठीत

मराठवाड्यात जून महिन्यात दोन गोष्टींची वाट पाहिली जाते. एक पावसाची आणि दुसरी शाळेच्या प्रवेशयादीची. पाऊस केव्हा दगा देईल ते सांगता येत नाही. यादी मात्र वेळेवर लागते, आणि ती लागण्याच्या आधी पंधरा दिवस घरोघरी एकच वाद चाललेला असतो. मुलाला मराठी शाळेत घालावे, इंग्रजी शाळेत घालावे, की 'सेमी'त घालावे?

हा 'सेमी' शब्द आता इतका रुळला आहे की खेड्यातल्या आजीबाईसुद्धा 'नातू सातवी सेमीला हाय' असे सहज सांगून जातात. पूर्ण नाव सेमी-इंग्रजी. अर्थ असा की शाळा मराठी, इतिहास-भूगोल मराठीत, प्रार्थना मराठीत, मास्तरांचे रागावणेही मराठीत. पण गणित आणि विज्ञान यांची पुस्तके इंग्रजी. काही शाळांत हे पाचवीपासून सुरू होते, काहींत आठवीपासून, आणि अलीकडे पहिलीपासूनही. मुलाच्या दप्तरात दोन भाषा शेजारी शेजारी बसलेल्या असतात. त्यांचे पटते की नाही, हा प्रश्न फारसे कुणी विचारीत नाही.

मला मात्र तो विचारावा लागतो. मी नांदेडला एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. माझे शालेय शिक्षण लातूरला झाले. या दोन गावांच्या मधल्या रस्त्यावर माझे अर्धे आयुष्य गेले आहे. शेजारीपाजारी मला सल्ला विचारतात, पण विचारताना त्यांच्या डोळ्यांत थोडा संशय असतो. मराठीचा प्राध्यापक इंग्रजीची बाजू कशी घेईल? आणि घेतली नाही, तर तो आपल्या पोटापाण्यासाठी बोलतो आहे असे का समजू नये? यंदा तर प्रश्न माझ्याच घरात आला. धाकटी कन्या पाचवीत गेली. तेव्हा या विषयाचा एकदा नीट विचार करावा असे मनाने घेतले.

नवे ते काय?

पहिली गोष्ट अशी की दोन भाषांतून शिकणे ही आपल्याकडे कालपरवाची गोष्ट नाही. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' काढले, ते एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजी अशा दोन स्तंभांत. मराठी वृत्तपत्राचा जन्मच दोन भाषांच्या घरात झाला. पुढे १८४७ च्या सुमारास मुंबईच्या शिक्षणमंडळात मोठा वाद माजला. अध्यक्ष अर्स्किन पेरी इंग्रजीचे कैवारी, तर जगन्नाथ शंकरशेट देशी भाषांच्या बाजूचे. नानांचे म्हणणे असे की विद्या समाजाच्या तळापर्यंत पोचवावयाची असेल तर ती लोकांच्या भाषेतच द्यावी लागेल. शेवटी १८५४ च्या वुडसाहेबांच्या खलित्याने वाटणी करून टाकली. खालचे शिक्षण देशी भाषेत, वरचे इंग्रजीत. वाटणी झाली, पण जिन्याची एक पायरी मध्येच राहून गेली. खालच्या मजल्यावरून वरच्या मजल्यावर मुलाने चढावे कसे, हे खलित्यात कुठे लिहिलेले नव्हते. ती पायरी आपण अजून बांधतो आहोत.

ती बांधण्याचे दोन मोठे प्रयत्न विसाव्या शतकाच्या सुरुवातीला झाले, आणि गंमत म्हणजे ते अवघ्या दोन वर्षांच्या अंतराने झाले. धोंडो केशव कर्व्यांनी १९१६ मध्ये पुण्यात महिला विद्यापीठ काढले. तेथे शिक्षण मातृभाषेतून, पण इंग्रजी हा विषय सक्तीचा. १९१८ मध्ये हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघाले. तेथे शिक्षण उर्दूतून, आणि इंग्रजी तेथेही सक्तीची. आराखडा पाहिला तर दोन्ही जुळी भावंडे वाटावीत. पण पुण्यातल्या मुलींच्या घरात मराठी बोलली जात होती. आमच्या नांदेडच्या आणि लातूरच्या घरांत उर्दू बोलली जात नव्हती. निजामाच्या राज्यात सुमारे निम्मी प्रजा तेलुगू, चौथा हिस्सा मराठी, कानडी दहातला एक, आणि उर्दू दहांत एकाहून थोडी अधिक. एवढ्याशा फरकाने साऱ्या योजनेचा रंग बदलला.

मुरब्ब्याचे चार जिल्हे

माझे आजोबा या योजनेतून शिकले. कंधार तालुक्यातले घर. त्या वेळी प्राथमिक शाळेला तहतानिया म्हणत, मधल्या शाळेला वस्तानिया आणि हायस्कूलला फौकानिया. शिक्षक म्हणजे मुदर्रिस आणि मुख्याध्यापक म्हणजे सदर मुदर्रिस. आजोबा फौकानियासाठी नांदेडला आले, तेव्हा इतिहास, भूगोल, गणित, विज्ञान सारे उर्दूत. इंग्रजी एक विषय म्हणून. मराठी घरात.

उस्मानियाच्या लोकांनी काम किरकोळ केले नव्हते, हे मान्य केले पाहिजे. भाषांतरासाठी स्वतंत्र खाते उघडले. मौलवी अब्दुल हक यांच्यासारखा विद्वान त्याच्या मुळाशी होता. हिंदुस्थानात देशी भाषेतून थेट डॉक्टरी शिकवणारे हेच विद्यापीठ. शास्त्रातल्या शब्दाशब्दाला त्यांनी उर्दू पर्याय घडविला. पण ते पर्याय बहुधा अरबीतून आलेले. त्रिकोण म्हणजे मुसल्लस, कोन म्हणजे जाविया, चौरस म्हणजे मुरब्बा.

आजोबा मोठ्याने पाठ करीत ते वाक्य आमच्या घरात तीन पिढ्या टिकून आहे. मुरब्ब्याचे चारही 'जिला' बराबर असतात. उर्दूत आकृतीच्या बाजूलाही जिला म्हणतात आणि जिल्ह्यालाही तोच शब्द. माजघरातून आमची पणजी विचारी, "बापू, मुरंब्याला जिल्हे कशाचे रे?" सारे घर हसे. आजोबाही हसत. पण म्हातारपणी एकदा ते मला म्हणाले, "बाळ, हसण्यावारी गेलं खरं. पण मला दोन वर्षं तो मुरब्बा कळलाच नव्हता. पाठ होता, म्हणून पास झालो."

पाठ होता म्हणून पास झालो! माझ्या मते दोन भाषांच्या शाळेचा सारा प्रश्न या एका वाक्यात सामावलेला आहे. शिवाय आजोबा पास तरी झाले. त्यांच्याबरोबर गावातून निघालेली सात-आठ मुले वस्तानियातूनच परत गेली आणि औताला लागली. त्यांना बुद्धी नव्हती असे कुणी म्हणणार नाही. त्यांच्या आणि विद्येच्या मध्ये एक भाषा उभी होती.

म्हणून तर त्या काळात मराठी शाळा काढणे हे देशकार्य समजले गेले. १९२१ मध्ये हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा निघाली. स्वामी रामानंद तीर्थ आधी तेथे आणि नंतर अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत मास्तर होते. संग्रामाचे नेतृत्व त्यांच्याकडे नंतर आले, हातात खडू आधी आला. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद मुक्त झाले आणि हळूहळू साऱ्या शाळांची भाषा फिरली. १९५० मध्ये स्वामीजींच्याच पुढाकाराने नांदेडला पीपल्स कॉलेज उघडले. पुढे १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ आले. आमच्या भागाला आपल्या भाषेत शिकण्याचा हक्क असा झगडून मिळालेला आहे. तो सोडून देण्याची भाषा करणाऱ्याने निदान त्याची किंमत माहीत करून घ्यावी.

पण येथे एक तितकीच महत्त्वाची गोष्ट सांगितली पाहिजे. उर्दू शिकलेली ती माणसे पुढे उर्दूवर रागावून बसली नाहीत. आजोबा शेवटपर्यंत हिशेबाची वही उर्दू आकड्यांत लिहीत आणि हरिपाठ मराठीत म्हणत. त्याच हैदराबाद राज्यात वाढलेल्या पी. व्ही. नरसिंह रावांनी हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' तेलुगूत नेली. अनेक भाषा येणे हे आमच्या मुलखाचे वैभव होते. दुःख होते ते एवढेच, की त्यांतली एक भाषा दाराशी पहारेकरी म्हणून बसविली होती.

अकरावीचा उंबरा

माझ्या वडिलांची पिढी मराठीतून शिकली. जिल्हा परिषदेची शाळा, चांगले मास्तर, स्वच्छ पाया. १९६९ मध्ये मॅट्रिक होऊन ते पी. यू. सी. सायन्सला गेले आणि पहिल्याच दिवशी प्राध्यापक मजकूर इंग्रजीत बोलू लागले. वडील सांगत, "पहिले तीन महिने मी फक्त फळ्यावरच्या आकृत्या उतरवून घेतल्या. आकृतीला भाषा नसते, एवढाच आधार." उर्दू जाऊन तिच्या जागी इंग्रजी आली, पहारेकरी बदलला, दार तेच राहिले.

आजही अकरावी-बारावीचे शास्त्र आपल्या राज्यात इंग्रजीतूनच शिकवले जाते. १९७५ मध्ये दहावी-बारावीचा नवा आकृतिबंध आला, अभ्यासक्रम कितीदा तरी बदलले, पण हा उंबरा हलला नाही. इंग्रजी विषयाचे वयच तेवढे कमी कमी होत गेले. एके काळी ती आठवीला भेटे, मग पाचवीला भेटू लागली, आणि २००० पासून पहिलीच्या वर्गातच येऊन बसली. तरी उंबरा उंचच राहिला. कारण इंग्रजी एक विषय म्हणून शिकणे निराळे आणि इंग्रजीतून रसायनशास्त्र समजून घेणे निराळे. पोहण्याचे पुस्तक वाचणे आणि गोदावरीत उडी टाकणे यांत जेवढा फरक, तेवढाच.

सेमीचा जन्म या उंबऱ्यापाशी झाला. अकरावीला जे एकदम अंगावर येते ते थोडे थोडे आधीच अंगवळणी पाडावे, हा तिच्यामागचा विचार. तो विचार शहाणपणाचा आहे. लातूरला तर त्याचे महत्त्व फार लवकर ओळखले गेले. 'लातूर पॅटर्न' हा शब्द आता महाराष्ट्रभर माहीत आहे. राजर्षी शाहू महाविद्यालय १९७० मध्ये निघाले. त्याचे प्राचार्य जनार्दन वाघमारे इंग्रजीचे प्राध्यापक, आणि त्यांनी अमेरिकेतील निग्रो साहित्याची ओळख मराठी वाचकाला करून दिली ती मराठीतून. १९९४ मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झाले, त्याचे पहिले कुलगुरूही तेच. इकडे नांदेडला नरहर कुरुंदकर जगभरचा विचार इंग्रजी ग्रंथांतून वाचीत आणि बोलत मात्र अशा मराठीत, की व्यासपीठाखालचा शेतकरीही हलत नसे. एक भाषा आणण्यासाठी आणि दुसरी वाटण्यासाठी. दोन भाषांचा याहून चांगला उपयोग मला ठाऊक नाही.

दोन विद्यार्थी

आता प्रत्यक्षात काय होते ते सांगतो. गेल्या काही वर्षांत माझ्या वर्गात आलेल्या दोन विद्यार्थ्यांची ही हकिकत.

पहिली लोहा तालुक्यातली मुलगी. दहावीला मराठी माध्यमातून गुण नव्वदीच्या घरात. घरी चार एकर कोरडवाहू. बापाने सोयाबीनचे पैसे अंगावर उचलून तिला लातूरला अकरावी सायन्सला घातली. शिकवणी, खोली, डबा, सगळे केले. पोरगी दिवाळीला घरी आली ती पेटी घेऊनच. पुढच्या वर्षी ती बी. ए. ला माझ्या वर्गात बसली. तिचा एक निबंध वाचून मी विचारले, "अगं, एवढं नेटकं लिहितेस. सायन्स का सोडलंस? गणित जमेना का?"

"गणित येत नव्हतं असं नाही, सर," ती म्हणाली. "प्रश्नात काय विचारलंय तेच कळंना. कळंपर्यंत सर पुढच्या गणितावर गेलेले असायचे. मला वाटलं, मीच मठ्ठ हाय."

मला वाटलं मीच मठ्ठ हाय! आजोबांबरोबरच्या त्या सात-आठ मुलांनाही ऐंशी वर्षांपूर्वी हेच वाटले असेल. वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेची प्रश्नपत्रिका आता मराठीतही मिळू शकते हे खरे. पण दोन वर्षांची सारी तयारी जर इंग्रजीत, तर शेवटच्या तीन तासांपुरती मराठी घेऊन ती पोरगी काय करणार?

दुसरा मुलगा शहरातला, दहावी सेमी. त्यालाही गुण भरघोस. त्याला मी सहज विचारले, "अंगणात फरशी पडून राहिली की तिच्याखालचं गवत पिवळं का पडतं रे?" तो गप्प. मी म्हटले, "फोटोसिंथेसिस शिकलास ना?" तत्काळ त्याने इंग्रजीत दोन वाक्यांची व्याख्या घडाघडा म्हणून दाखवली. एक अक्षर चुकले नाही. पण त्या व्याख्येचा आणि फरशीखालच्या गवताचा काही संबंध आहे, हे त्याला कुणी सांगितलेच नव्हते. त्याचा मुरब्बाही पाठच होता!

एकीला इंग्रजी मिळाली नाही म्हणून विज्ञान गेले. दुसऱ्याला इंग्रजी मिळाली, तरी विज्ञान गेले. तेव्हा 'सेमी की मराठी' एवढ्यावर प्रश्न सुटत नाही, हे उघड आहे.

सातासमुद्रापलीकडचा एक वर्ग

हाच प्रश्न कॅनडातल्या मध्यमवर्गीय आईबापांना पडला होता. क्वेबेक प्रांतात बहुसंख्य लोक फ्रेंच बोलणारे, पण पैसा आणि प्रतिष्ठा इंग्रजीकडे. मॉन्ट्रियलजवळच्या सेंट लँबर्ट या उपनगरातील इंग्रजी पालकांच्या लक्षात आले की आपली मुले शाळेत वर्षानुवर्षे फ्रेंच हा विषय शिकतात आणि शेजारच्या फ्रेंच मुलाशी चार वाक्ये बोलू शकत नाहीत. त्यांनी शाळामंडळाशी भांडून १९६५ मध्ये एक बालवर्ग सुरू करविला. मुले इंग्रजी, शिक्षण मात्र फ्रेंचमधून. इंग्रजीचे वाचन-लेखन थोडे मागाहून यायचे.

मॅकगिल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ वॉलेस लँबर्ट यांनी या मुलांची वर्षानुवर्षे पाहणी केली. भीती अशी होती की मुले दोन्हीकडून जातील. तसे झाले नाही. इंग्रजी वाचनात ती सुरुवातीला जरा मागे पडली आणि पुढे बरोबरीला आली. गणित फ्रेंचमधून शिकली, तरी इंग्रजी प्रश्नपत्रिकेतही त्यांनी ते तितकेच चांगले सोडविले. म्हणजे एकदा कळलेले गणित भाषा बदलली म्हणून नाहीसे होत नाही. हा प्रयोग पुढे कॅनडाभर पसरला. काही ठिकाणी तो बालवर्गातून, तर काही ठिकाणी आपल्या आठवीच्या सेमीसारखा बाराव्या वर्षाच्या सुमारास सुरू होतो.

आमच्याकडचे इंग्रजी शाळांचे पुरस्कर्ते हा दाखला मोठ्या आनंदाने देतात. पण त्याचा उत्तरार्ध ते सांगत नाहीत. लँबर्ट यांनीच पुढे भेद केला. काही मुलांच्या बाबतीत दुसरी भाषा पहिलीत भर घालते, आणि काहींच्या बाबतीत ती पहिलीला ढकलून तिची जागा घेते. सेंट लँबर्टच्या मुलांची इंग्रजी सुरक्षित होती. घरात तीच, बाजारात तीच, मोठ्या नोकरीत तीच. फ्रेंच आली ती भर म्हणून. शिवाय शिकवणाऱ्या बाईंना फ्रेंच उत्तम येत होती आणि मुलांचे इंग्रजीही कळत होते. आणि ते वर्ग आईबापांनी हौसेने मागून घेतलेले होते.

आमच्याकडे पारडे उलटे आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आपण पेढे वाटले. पण पेढे वाटून घरी आल्यावर किती आईबापांनी मुलाच्या हाती मराठी पुस्तक दिले? जिची प्रतिष्ठा घरातच कमी झाली, ती भाषा दुसरीपुढे टिकाव कसा धरणार? तेव्हा कॅनडाचा धडा असा की दुसरी भाषा खुशाल आणा, पण आधी पहिलीचे खांब पक्के करा.

टेकू आणि फल्क्रम

हे नुसते तत्त्वज्ञान नाही. मी ते एका वर्गात घडताना पाहिले आहे. एका तालुक्याच्या गावी वक्तृत्वस्पर्धेला परीक्षक म्हणून गेलो होतो. स्पर्धेला वेळ होता म्हणून आठवी सेमीच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसलो. शिक्षक तरुण होते. फळ्यावर त्यांनी 'लिव्हर' हा शब्द इंग्रजीत लिहिला आणि पुस्तक मिटून ठेवले.

"शेतात मोठा धोंडा निघाला तर काय करता रे?"

"पहार घालताव, सर."

"नुसती पहार?"

"नाही सर, खाली बारका दगड ठेवताव. टेकू."

"तो टेकू धोंड्याच्या जवळ ठेवता की लांब?"

"जवळ. लांब ठेवला तर जोर लागतो."

शिक्षकांनी आकृती काढली. टेकूखाली लिहिले 'फल्क्रम', धोंड्यावर 'लोड', पहारेच्या टोकाला 'एफर्ट'. मराठी पुस्तकात याला तरफ, टेकू, भार आणि बल म्हणतात, तेही बाजूला लिहिले. मग पुस्तक उघडून इंग्रजी परिच्छेद वाचला. चाळीस पोरांपैकी एकाच्याही चेहऱ्यावर धुके नव्हते. विज्ञान पहारेवरून आले, भाषा मागाहून त्याच्यावर बसली.

येथे मराठीच्या आम्हा अभिमान्यांनाही एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आमचे सगळेच पारिभाषिक शब्द टेकूसारखे नाहीत. 'अपवर्तन' किंवा 'प्रकाशसंश्लेषण' हे शब्द लोह्याच्या पोराला इंग्रजी शब्दाइतकेच परके. कप्पी, उतरण, पाचर, काटकोन असे बोलीतले शब्द जेथे सापडले तेथे विज्ञान घरचे वाटते. जेथे नुसते संस्कृत घडविले तेथे मराठी पुस्तकही परभाषेतले होऊन बसते. उस्मानियाने अरबीच्या बाबतीत जे केले, तेच आपण काही ठिकाणी संस्कृतच्या बाबतीत केले आहे.

आणि या मुलखात 'मातृभाषा' म्हणजे मराठीच असे तरी कुठे आहे? किनवट-माहूरकडे गोंडी आणि कोलामी आहे, तांड्या-तांड्यावर गोरमाटी आहे, देगलूर-बिलोलीकडे तेलुगू, उदगीर-देवणीकडे कानडी, आणि उर्दू तर गावोगाव. तांड्यावरचे पोर मराठी शाळेत येते तेव्हाच एक उंबरा ओलांडून येते. त्याला सेमी म्हणजे तिसरी भाषा. एप्रिल २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी आणण्याचा आदेश निघाला, गदारोळ झाला, आणि २९ जूनला सरकारला तो मागे घ्यावा लागला. त्या गदारोळात सारे मराठीच्या वतीने बोलत होते, आणि ते योग्यच होते. तांड्यावरच्या पोराच्या वतीने बोलणारे फार थोडे होते.

मग करावे काय?

आमच्या घरात निर्णय झाला तो सेमीचा. सौभाग्यवतीचे मत पूर्ण इंग्रजी शाळेकडे होते, लातूरच्या मेहुण्यांचे तर त्याहून ठाम. "भाऊजी, तुमचं मराठीप्रेम पोरीच्या डोक्यावर कशाला?" असे त्यांनी स्पष्टच विचारले. त्यांना मी लोह्याच्या मुलीची गोष्ट सांगितली आणि लगोलग दुसऱ्या मुलाचीही सांगितली. ते म्हणाले, "म्हणजे तुम्ही कोणत्याच बाजूचे नाहीत." मी म्हटले, "मी कळण्याच्या बाजूचा आहे." त्यावर सौभाग्यवतीने चहा ठेवला, तेव्हा तह झाला असे समजलो.

पण तहाला अटी आहेत, आणि त्या मी वाचक आईबापांपुढेही ठेवतो.

पहिली अट अशी की शाळेची पाटी न पाहता शिक्षकाला पाहावे. गणिताच्या मास्तरांना दोन्ही भाषा येतात का, आणि मुलाने मराठीत शंका विचारली तर ते रागावतात की आनंदाने उत्तर देतात, एवढी चौकशी पुरे. ज्या वर्गात मराठीत शंका विचारण्याची चोरी, तो वर्ग सेमी नव्हे.

दुसरी अट घरासाठी. आठवड्यातून एकदा मुलाला म्हणावे, "या आठवड्यात विज्ञानात काय शिकलास ते आजीला सांग." आजीला इंग्रजी येत नसेल तर फारच उत्तम! तिला पटेपर्यंत समजावणे हीच खरी परीक्षा. आजीला जे सांगता आले ते कळले. जे आले नाही ते फक्त पाठ झाले.

तिसरी अट मराठीची. गणित-विज्ञान इंग्रजीत गेले म्हणजे मराठीचे काम संपले असे नव्हे, वाढले. इतिहासाचे चार पानी उत्तर स्वतःच्या शब्दांत लिहिणे, गोष्टीचे पुस्तक वाचून संपविणे, मामाला पत्र लिहिणे, हे ज्याला जमते त्याचा विचार पक्का होतो, आणि पक्का विचार कोणत्याही भाषेत उभा राहतो.

चौथी अट शाळांसाठी. सेमीची तुकडी म्हणजे हुशारांची आणि मराठीची तुकडी म्हणजे उरलेल्यांची, ही वाटणी पुष्कळ ठिकाणी नकळत झाली आहे. दहा वर्षांच्या पोरांच्या कपाळावर असे शिक्के मारणे हे पाप आहे. त्याऐवजी मराठी तुकडीलाही आठवीपासून रोज पंधरा मिनिटे विज्ञानाचे इंग्रजी शब्द शिकवावेत. पहार आणि टेकू तेथेही आहेत. फळ्यावर 'फल्क्रम' लिहावयास वेगळा खडू लागत नाही. आणि अकरावीच्या प्राध्यापकांनी पहिले तीन महिने दोन्ही भाषांत शिकविले, तर लोह्यासारखी कितीतरी माघारी जाणारी मुले वर्गात टिकतील. त्यासाठी ना नवा कायदा हवा, ना नवे अनुदान.

लोह्याची ती मुलगी आता एम. ए. करते आहे. सुटीच्या दिवशी ती आपल्या गावच्या दहावीच्या पोरांना जमवून गणिताची इंग्रजी प्रश्नपत्रिका मराठीत फोडून सांगते. 'फाइंड' म्हणजे काढा, 'प्रूव्ह' म्हणजे सिद्ध करा, 'हेन्स' म्हणजे म्हणून. शंभरेक शब्दांची एक वही तिने केली आहे आणि त्या वहीच्या प्रती पोरे लिहून घेतात. मी तिला म्हटले, "ही वही तुला अकरावीत कुणी दिली असती तर?"

ती हसली. म्हणाली, "तर मी तुमच्या वर्गात आले नसते, सर."

मराठीच्या प्राध्यापकाला चांगली विद्यार्थिनी गमावल्याचा आनंद व्हावा, असे प्रसंग थोडे. पण ती वही ज्यांच्या हाती आज आहे, त्या पोरांपैकी निदान दोघे-तिघे माझ्या वर्गाकडे न फिरकता पुढे निघून जावेत, अशीच माझी मनापासून इच्छा आहे.